निळी चिंधी

ऑस्मो रायफल टेबलावर ठेवून म्हणाला,
नळीत कीट बसलंय. बघ जरा.
एवढंच. बूटसुद्धा काढले नाहीत त्यानं.
शिकार मंडळाच्या खोलीत कुणी काही विचारलं नव्हतं,
फक्त त्याच्या कपात कॉफी ओतली पुन्हा,
न मागता.

एल्क दोन दिवस चालली होती
मोडक्या जबड्यानं.
तिसऱ्या दिवशी दलदलीच्या कडेला
डोमकावळ्यांनी दाखवली.

सौनाच्या बाहेरच्या खोलीत मी जुनी चादर फाडली.
दोन बोटं रुंद, दोन बोटं लांब, शंभरेक चिंध्या.
बोल्ट काढून खिडकीत ठेवला.
गज नेहमी मागून पुढं घालायचा, गोळीच्या वाटेनं.
वडील सांगायचे, तोंडाकडून शिरू नकोस,
तिथं एक ओरखडा उठला
की बंदूक जन्मभर खोटं बोलते.

पहिल्या रात्री काजळी निघाली.
चिंधी काळी, मग करडी,
मग कॉफीच्या गाळासारखी.

दुसऱ्या रात्री तांब्यासाठी औषध घातलं.
अमोनिया नाकातून थेट डोळ्यांत.
पंधरा मिनिटं थांबायचं, तेवढ्यात चुलीत एक ओंडका.
चिंधी बाहेर आली ती मोरचुदासारखी निळी.
बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू.
म्हणजे होतं काहीतरी आत.
म्हणजे हात त्याचा नव्हता.

तिसऱ्या रात्रीही निळी.
चौथ्याही.
खांदा भरून आला, नखं कडेनं हिरवी झाली,
पावाला तोच वास.
चिंध्या मी दोरीवर टांगत गेले, का ते माहीत नाही,
खाली कुत्री नाकावर पंजा घेऊन झोपायची.
इतकी वर्षं न धुतलेलं काय असतं
एका माणसाच्या नळीत,
असलं काहीबाही मनात यायला लागलं होतं,
आणि त्या घाणीबद्दल थोडा आदरही.

पाचव्या दिवशी ओनेर्वा आली, केकचा डबा परत द्यायला.
सीमादलात तीस वर्षं शस्त्रागार सांभाळलेली बाई.
तिनं नळीत पाहिलंच नाही.
गज उचलला, टोक चष्म्याजवळ नेलं.
हे पितळ आहे, हिल्क्का.
औषध यालाच खातंय.
तू तीन रात्री गजाचं टोक धुतेस.

कोटाच्या खिशातून तिनं प्लॅस्टिकचं टोक काढलं
(कोण असं खिशात घेऊन फिरतं? ती फिरते),
औषध, पंधरा मिनिटं, कॉफी,
आणि चिंधी आली पांढरी.
पांढरी म्हणजे चादरच.
तिसऱ्या रात्रीही अशीच आली असती.
कदाचित दुसऱ्याही.

नळी मी खिडकीकडे धरली.
आटे फिरत गेलेले, एकही डाग नाही,
आणि टोकाला एवढासा गोल उजेड,
त्यात ऑस्मो, अंगणात, लाकडं फोडत.
कुऱ्हाड वर गेली की गोलातून बाहेर जायची.
मी नळी लगेच खाली केली.
रिकामी होती, तरी.

जाताना ओनेर्वा म्हणाली,
आता ही इतकी साफ आहे की पहिली गोळी भरकटेल.
वाळूच्या खड्ड्यात एक झाड आधी.
थोडी काजळी लागतेच आत.
आणि डबा विसरून परत घेऊन गेली.

अंधार पडल्यावर तो आला.
निघालं?
मी काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं.
दोरीवर निळ्या चिंध्या वाळत होत्या,
त्यांच्याकडे बोट दाखवलं असतं तर चाललं असतं,
तो मान हलवून निघून गेला असता.
मी पांढरी हातात दिली.

दिव्याखाली धरून त्यानं ती उलटली,
पुन्हा उलटली,
घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.
मग बाकावर बसला
आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला.
गाठी ओल्या होत्या.
बराच वेळ लागला.