कापसाचा बोळा

डबी उघडली की आधी कापूस निघतो.
तो टाकून द्यायचा असतो.
सोळा वर्षं खिडकीच्या आत बसून गोळ्या मोजतोय,
टाकणारं माणूस अजून पाहिलं नाही.
"राहू द्या भाऊ. मग वाजत नाही."

तीस गोळ्या पिशवीत खुळखुळल्या
तर दापोडीच्या चाळीत
सात बिऱ्हाडांचे कान उभे राहतात.

परवा सभागृहात पडदा लावून चित्रं दाखवली.
'औषध पोचवण्याच्या नव्या वाटा.'
दंडाच्या कातडीखाली आगकाडीएवढी कांडी,
महिनोन्‌महिने झिरपणारी.
दोन महिन्यांतून एकदा कमरेखाली सुई,
औषध मांसात दबा धरून बसतं,
रोज थोडं थोडं रक्ताला देतं.
डॉक्टर मुजुमदार लाल ठिपका फिरवत सांगत होते
गोळी जठरातून पुढे कशी जाते.
मला हसू फुटलं, चहा सांडला शर्टावर.
जठर ते रक्त, ही वाट सोपीच आहे साहेब.
खिडकी ते तोंड, तिचं बोला.

सेल काढलेल्या बॅटरीत गोळ्या नेतात सुर्वे वॉचमन.
रात्रपाळीत बॅटरी लागत नाही,
साहेब ओरडतो, ते ऐकून घेतात.
टिकल्यांच्या डबीत नेणारी एक आहे,
सासरी म्हणतात, हिला नटायचा भारी सोस.
आणि निनाद, ज्याला आत्या सिरप पाजायची
गुळाचा खडा पुढे धरून,
तो आता कॉलेजात जातो.
गूळ दिसला की अजून मळमळतं म्हणाला.

सुगंधा ढोबळे गिळायच्या संडासात,
नळ मोठा सोडून, पाण्याविना.
चाचणीत त्यांचं नाव लागलं.
दुखेल का, हे विचारलंच नाही.
"डबी नाही ना मिळणार? नक्की?"

दोन सुया, एक डावी, एक उजवी.
पीएमटीत कंडक्टर म्हणाला, बसा ताई, जागा आहे.
बसणार कशावर?
नाशिक फाट्यापर्यंत दांडा धरून उभ्या,
एकट्याच हसत.
"रात्री नऊला गजर झाला की हो.
उठले, भांडं भरलं, मग आठवलं.
म्हटलं, भरलंय तर पिऊ.
स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर प्यायले."

रासने मात्र नको म्हणाले. त्यांची सही कोरीच.
"बायको होती तेव्हा नऊला एकदम घ्यायचो.
तिची गोळी मी काढायचो, माझी ती.
आता दोन्ही हात माझेच,
पण वेळ तीच ठेवलीय.
तुमच्या सुईत हे कुठं बसायचं?"
मुजुमदारांनी रकान्यात लिहिलं: कारण, वैयक्तिक.

आज सुगंधाबाईंची दुसरी पाळी.
तबस्सुम सिस्टरने कापूस दिला, दाबून धरा म्हणाली.
जाताना त्या खिडकीशी थांबल्या,
थांबायचं काही कारण नव्हतं.
माझा हात फळीकडे गेला, डबीवर,
त्यालाही कारण नव्हतं.
"येते भाऊ."
मागून कुणीतरी ओरडलं, नंबर सत्तेचाळीस, चला पुढे.

त्या वळल्या तेव्हा दिसलं,
रक्ताचा ठिपका पडलेला कापूस
त्यांनी टोपलीत टाकला नव्हता.
पर्सची चेन उघडून
आत, तळाशी,
नीट दाबून बसवत होत्या.