एकवीस मैल

ओहायोत एप्रिल म्हणजे अजून गेल्या साली कापलेल्या
मक्याची खुंटं, चिखलात, ओळीनं उभी.
एका कॉलेजापासून दुसऱ्यापर्यंत एकवीस मैल.
मध्ये एक पेट्रोल पंप, तीन चर्च
आणि कुणीतरी ट्रॅक्टर विकायला काढल्याची पाटी.

श्रीरंगनं तक्ता करून दिलाय:
फी, शिष्यवृत्ती, एका प्राध्यापकामागं किती मुलं,
किती जण चार वर्षांत सुटतात.
शेवटचा रकाना, 'रमेल का?'
तो कोरा. माझ्यासाठी ठेवलेला.

घंटेवाल्या कॉलेजात
उलटं चालत माहिती देणारा मुलगा
एकदाही अडखळला नाही.
गाणाऱ्यांचे सहा गट, दर शुक्रवारी शेकोटी,
जेवणघरात लांबच लांब बाकं
आणि कुणी आलं की सरकून जागा करणारी मुलं.
मी मनातल्या मनात रकाना भरून टाकला.
ऋजुता नोटीस बोर्डापाशी रेंगाळली.
गणिताला प्राध्यापक किती, तिनं विचारलं.
तीन. त्यातले एक पुढल्या वर्षी रजेवर.

टेकडीवरच्या कॉलेजात नुसता वारा.
माहिती द्यायला आलेली मुलगी वाट चुकली, हसली,
आणि आम्हाला भलत्याच इमारतीत घेऊन गेली.
तिथं भिंतभर फळा.
अर्धवट सोडवलेलं काहीतरी,
तीन वेगळ्या हस्ताक्षरांतलं भांडण,
आणि कोपऱ्यात, चौकटीत:
पुसू नका. मंगळवारपासून अडलोय.
ऋजुता समोर उभी राहिली,
लहानपणी मत्स्यालयाच्या काचेला नाक लावून राहायची तशी.

पण जेवणघरात मी मोजलं.
अकरा मुलं एकेकटी जेवत होती.
एकीनं तर केचपच्या बाटलीला पुस्तक टेकवलं होतं.
कुणी कुणाकडं बघत नव्हतं.
"अगं, इथं तुझ्याशी बोलणार कोण?"

उत्तर आलं ते परतीच्या वाटेवर, ट्रॅक्टरच्या पाटीपाशी.
"आई, मंडळात मी बारा वर्षं नाचले.
प्रत्येक गणपतीला, प्रत्येक दिवाळीला, पहिल्या रांगेत.
शाळेत सगळ्यांची मैत्रीण झाले.
मला एकदा चारचौघांत एकटीनं जेवायचंय.
कुणी येऊन विचारायला नको, बरी आहेस ना."

मी गाडी चालवत राहिले.
माझं कॉलेज एसटीनं निवडलं होतं.
ज्या गावाहून शेवटची गाडी साताच्या आत परत येई, ते.
तिथं शास्त्र शाखा नव्हती,
म्हणून मला इतिहास आवडू लागला.
तीन वर्षं खिडकीची जागा धरली
आणि तीन वर्षं शेजारी कुणी ना कुणी ओळखीचं:
कुणाची गं तू?
एकदाच, लायब्ररीच्या मागच्या जिन्यावर,
मी डबा उघडला तेव्हा आसपास कुणी नव्हतं.
गवारीची भाजी होती. गार झालेली.
इतकं निवांत त्यानंतर कधी जेवले, आठवत नाही.
हे घरी सांगितलं नव्हतं.
आत्ताही नाही सांगितलं.

पेट्रोल पंपावर श्रीरंगचा फोन.
"शेवटच्या रकान्यात काय लिहू?"
अकराचा आकडा अजून बोचतोय, खोटं कशाला बोलू.
आजारी पडली तर पेज कोण देणार,
जानेवारीत साडेचारला अंधार पडतो तेव्हा
दार कोण वाजवणार.

काचेतून पाहिलं.
ऋजुता फळ्याचा फोटो बोटांनी मोठा करत होती,
ओठ पुटपुटत होते,
मांडीवरचं सँडविच तसंच, एक घास तोडलेलं.

"थांब," मी म्हटलं. "प्रश्नच चुकलाय बहुतेक."
"म्हणजे खोडू?"
"नको. राहू दे तसाच.
मी अजून अडलेय."