नो-गो

सातपूरच्या शेडमध्ये अठ्ठावीस वर्षं
माझ्या हातात एकच गेज. एक टोक गो, दुसरं नो-गो.
हिरवं आत गेलं पाहिजे, लाल जाता कामा नये.
ब्रेकचा सिलिंडर. वीस मायक्रॉन जास्त, की
लाल पेटी.
पोरं मागे मला नाहीकाका म्हणतात. माहीत आहे.

आणि आता दर बुधवारी, सेकंड शिफ्ट नसली तर,
पंचवटीतल्या एका शाळेत बाकं भिंतीला लावून
आम्ही अकरा जण अनवाणी उभे.
नाटक आहे, संहिता नाही.
‘मग पाठ काय करायचं?’ मी पहिल्या दिवशी विचारलं.
हेमांगी खैरनार, आमच्या बाई, माझ्या मुलीच्या वयाच्या,
म्हणाल्या, ‘समोरच्याचा चेहरा.’

पहिल्याच प्रवेशात शाकीर तांबोळी ओंजळ पुढे करून आला:
‘दादा, हा ससा धरा जरा, गेट लावून येतो.’
मी ओंजळीत पाहिलं. नीट. दोन्ही बाजूंनी.
‘इथे ससा नाहीये,’ म्हटलं.
हॉल हसला. मग हसणं संपलं
आणि शाकीर तसाच उभा,
मेलेला ससा घेऊन.

बाई रागावल्या नाहीत. ‘दिलेलं घ्यायचं,’ एवढंच.
‘घेतलं की आपलं थेंबभर घालायचं, विरजणासारखं.
मग ढवळत बसायचं नाही.’

मायको सर्कलच्या सिग्नलला मी वाक्यं जुळवून ठेवायचो.
एकही कधी कामाला आलं नाही,
दर वेळी समोर दुसरंच कुणी उभं असायचं.
एकदा तर न दिसणाऱ्या टेबलातून आरपार चालत गेलो;
सगळे ओरडले, चहा सांडला म्हणून.
अंगणवाडीच्या वत्सलाताई गांगुर्डे मात्र
त्या टेबलाला दर वेळी वळसा घालतात, पदर सावरत.

गुरुवारी शेडमध्ये नाही म्हणजे नाहीच.
ब्रेकला हो म्हणून भागत नाही,
पुढे कसाऱ्याचा घाट आहे.

नदीत आमचा दुतोंड्या मारुती उभा आहे, पूर सांगायला.
पाणी घोट्याला, कमरेला, छातीला.
तोही गेजच म्हणायचा.
पण तो बुडतो.
मापता मापता बुडायचं असतं
हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं.

परवाच्या बुधवारी वत्सलाताईंनी हंडी दिली:
‘काठोकाठ आहे हो.’
मी घेतली. गुडघे आपोआप वाकले.
पुढे काय बोललो आठवत नाही. शाकीर रडवेला झाला होता,
कुणीतरी टाळी वाजवली, मग बाकं जागेवर लावली,
चपला शोधल्या,
आणि हंडी माझ्याकडून परत घ्यायचं राहून गेलं.

स्कूटरवर दोन पायांमध्ये ठेवून आणली.
खड्डे चुकवत.
बेल कोपराने दाबली.

कुमुदनं माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.
इतक्या वर्षांत तिनं पुढे केलेलं काय काय
मी दोन्ही बाजूंनी तपासून
परत केलं असेल, कोण जाणे.
सांगायला तोंड उघडलं, तर
‘आधी ओट्यावर ठेवा ते,’ ती दारातून बाजूला सरकली,
‘सांडतंय.’
आणि पायाने पायपुसणं पुढे ओढलं.