रंग क्रमांक सत्तेचाळीस

सेगेदला, बेकरीच्या वरच्या मजल्यावर
आम्ही अकरा बायका जनावरं रंगवायचो.
पांढरे सुती हातमोजे, अंगठा आणि दोन बोटं कापलेली.
पारदर्शक पानाच्या उलट्या बाजूने रंग भरायचा,
म्हणजे सुलट बाजूची रेघ शाबूत राहते.
रानसशाचं पोट : रंग क्रमांक बारा.
कानाची आतली बाजू : एकोणीस.
सत्तेचाळीसची बाटली कपाटात मागे, अजून सीलबंद.

वेंडेल, आमचा दिग्दर्शक, बारमाही सर्दीचा माणूस,
नाक पुसत म्हणाला,
एतेल्का, नऊ सेकंद आहेत तुझ्याकडे.
नऊ सेकंद म्हणजे एकशे आठ पानं.
एकशे आठ वेळा तोच ससा
साखरबीटच्या शेतात, कापणीयंत्र गेल्यावर,
दर पानावर थोडा कमी ससा.

सत्तेचाळीस उघडली तर आत रास्पबेरीचं सरबत,
पोरं वाढदिवसाला पितात तसलं.
हे नाही चालणार, मी म्हटलं.
वरून आलाय तो रंग, वेंडेल म्हणाला,
मुलांसाठी सौम्य.

मी काही बोलले नाही.
चिमूटभर तपकिरी घातला, काजळीचा एक थेंब,
आणि, हे आजवर कुणाला सांगितलं नाही, किंचित हिरवा.
मला माहीत होतं.
डिसेंबरात आमच्या अंगणात डुक्कर पाडायचे.
बोल्दिजार काका अंगठ्यावर सुरीची धार बघायचा
आणि टोप धरायला मी.
टोप माझ्या छातीएवढा.
आई म्हणायची, ढवळत राहा, थांबलीस की गोठतं.
मी ढवळायचे. तोंडावर वाफ यायची.
त्याला उन्हाळाभर कलिंगडाच्या साली मीच घातल्या होत्या,
त्याचं नाव...
जाऊ दे.
मग कांद्यावर परतून तेच न्याहारीला.
मी खाल्लं. चांगलं लागलं.
तेव्हा कुणी माझं वय विचारलं नव्हतं.

सिनेमा लागला रविवारी सकाळी दहाला.
थिएटरवाल्याने पोस्टरवर फक्त कान पाहिले होते.
मी शेवटच्या रांगेत, मांडीवर पर्स,
समोर खुर्च्यांच्या वर नुसते टोप्यांचे गोंडे.
नऊ सेकंद आले.
रडलं कुणी नाही, हे मी शपथेवर सांगते.
कुठेतरी चॉकलेटचा कागद वाजत होता,
तो थांबला, एवढंच.
मग मोठी माणसं उठू लागली.
निळ्या कोटातली एक बाई
मुलाला दंडाला धरून ओढत नेत होती
आणि तो मुलगा उलटा चालत होता,
पायऱ्या न बघता,
डोळे पडद्यावर.

पत्रं आली. शाईने, टाईप करून, एक तर गुलाबी कागदावर.
पुढच्या आठवड्यापासून रात्री नऊचा एकच खेळ,
बारा प्रौढ माणसं,
त्यातली चार अंधारासाठी आलेली.

परवा बाजारात, मिरच्यांच्या माळांखाली,
पिकल्या दाढीच्या एका माणसाने मला हटकलं.
स्टुडिओ पाडला तेव्हा पेपरात फोटो होता ना तुमचा?
आईने मला ओढून बाहेर नेलं होतं, म्हणाला.
चाळीस वर्षं विचारायचंय,
पुढे काय झालं?

बर्फ, मी म्हटलं. चौदा सेकंद.

बस्स?

बस्स. बर्फाला रंग लागत नाही,
मागचा कागद तसाच दिसू द्यायचा.
तिथे मला कामच नव्हतं.

त्याच्या पिशवीतून कोबीचं पान बाहेर आलं होतं,
ते तो उगाच आत खुपसत राहिला.
बोट धरून त्याची नात उभी होती,
पुढचे दोन दात पडलेली.
कुठला ससा? तिने विचारलं.

तो खाली वाकला
आणि तिचा नीट बांधलेला स्कार्फ
सोडून
पुन्हा बांधू लागला.