होनगेकरांची कोरियन

तिसऱ्या गेटाजवळ गॅरेज टाकलं त्या वर्षी
मारुती होनगेकरांनी कोरियन गाडी आणली.
"नावात मारुती, आणि दारात हे काय गा?"
उद्यमबागेतली फौंड्रीची माणसं
चहाचे ग्लास धरूनच तिच्याभोवती फिरली.
बाबांनी बोटाच्या पेरानं दार वाजवलं,
आयुष्यभर ओतीव लोखंड ऐकलेला कान:
"डब्याचा पत्रा. आंबोली चढत नाही ही."

मी गप्प. मनात हिशोब:
वर्षात क्लच, दोन वर्षांत गिअरबॉक्स,
मग शेड वाढवू.

होनगेकर दर शनिवारी समोरून जायचे,
हॉर्न द्यायचे, हात करायचे,
थांबायचे नाहीत.
आंबोली झाली, गोवा झालं,
लेकीचं बाळ तिच्यातूनच घरी आलं.
एकदा थांबले. मी पाना घेऊन उठलो.
हवा भरायची होती.

बाबांना दवाखान्यात नेलं तेही तिच्यातूनच.
चढताना त्यांनी दार वाजवलं एकदा,
बोलले काही नाहीत.

आता होनगेकरांच्या पोरानं मोठी घेतलीय, त्याच कंपनीची.
मराठीत विचारतात, कन्नडात विचारतात: एष्टात री?
लग्नाच्या पंगतीत तो किल्ली ताटाशेजारी ठेवतो,
नाव वर येईल अशी.
काचेचं छप्पर, तीन पडदे,
महिन्याला एक दिवा पेटतो डॅशबोर्डवर
आणि ती माझ्याकडे येते.
मान वाढला की येणंजाणं वाढतं.

यंदा शेड वाढवली.
जुनी तिथंच कडेला असते, सर्व्हिसिंगला म्हणून आलेली.
विकायची नाही म्हणतात.
कुणी नसताना मी पेरानं वाजवून बघतो.
पत्राच आहे की.