शहाण्णव युनिट

निफाडला पारा सहावर, अशी बातमी होती
त्याच दिवशी बिल आलं.
एकशे त्रेचाळीस.
बिलावर आमच्या मीटरचा फोटो, धूसर,
हरवलेल्या माणसाचा छापतात तसा.

शंभराच्या आत एक दर, शंभर ओलांडले की दुसरा.
कॅलेंडरच्या पाठीवर मी पेन्सिलीनं लिहिलं : शंभर.
खाली दोन रेघा.

मग नियम निघाले.
फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला,
मागे मुक्ताचं खोडरबर सापडलं, आणि एक वाळलेली पाल.
आकडा पाचावरून दोनावर.
सिडकोत अशी थंडी की दूध ओट्यावरच राहतं रात्रभर.
इस्त्री रविवारी, एकदाच तापवून सगळे गणवेश,
शेवटचे रुमाल बटण बंद केल्यावर, उरलेल्या धगीवर.
टीव्हीचा लाल ठिपका, डब्याचा निळा,
रात्री एकेक विझवत फिरायची मी
देवळाचं दार लावणाऱ्या गुरवासारखी.

गीझरचा काटा साठावरून पंचेचाळिसावर.
आंघोळी पाठोपाठ, मधे चहाला थांबायचं नाही.
आप्पा म्हणाले, लवकर तर मीच उठतो,
माझी पहिली. बटणाचं माझ्याकडे लागलं.

जिन्याखाली मीटर. मी रोज वाकून आकडा उतरवायची.
शिरसाठकाकू म्हणाल्या, अगं, निदान हळदकुंकू तरी वाहा त्याला.

जानेवारीत रीडिंगचा पोरगा आला,
मोबाईल धरला, थबकला :
ताई, घरातलं कोणी गावाला गेलं होतं का?

शहाण्णव!
मी गाजरं किसली.
विलास अंबडची तिसरी पाळी करून आलेला,
म्हणाला, आमच्या कंपनीत घ्यायला हवं तुला.
आप्पा काहीच बोलले नाहीत.
हलवा मात्र दोनदा घेतला.

पुढच्या आठवड्यात एका पहाटे जाग आली.
अंथरुणातूनच ऐकलं :
आधी पाणी, तांब्यावर तांब्या, भराभर,
मग दार,
आणि मग
बटणाचा टक्.

उठले. न्हाणीघरात गेले.
आरसा कोरडा.
विलास आला की पुसावा लागतो,
मुक्ता आली की त्यावर तिचं नाव असतं बोटानं काढलेलं.
आत्ता त्यात मी दिसत होते,
नको तितकी स्पष्ट.

कधीपासून, आप्पा?
चंपाषष्ठीपासून, म्हणाले,
एखादा उपास सांगावा तसं.
बत्तीस वर्षं एकलहऱ्याला काढली ना,
ठेकेदाराकडे, कोळशाच्या पट्ट्यावर,
ती ऊब अजून अंगात आहे म्हणाले,
आणि 'अंगात' म्हणताना दातावर दात वाजले.

ह्या माणसानं वाहिलेल्या कोळशाची वीज
कुठकुठल्या गावांतल्या बादल्यांत उतरली असेल,
असलं काही मी तेव्हा मनात आणलं नाही.
मला फक्त हिशोब सुचला. सवय.
एक बादली, पाऊण युनिट. तीस दिवस.
माझ्या सत्तेचाळीसांतले साडेबावीस त्यांचे.
उरलेल्यांत फ्रिज, इस्त्री, गुरव, मी.

आता पावणेसहाला बटण मी लावते
आणि दाराबाहेर उभी राहते टॉवेल घेऊन.
आतून कुरकुर : एवढं कढत कशाला,
माणूस आहे की बटाटा.

फेब्रुवारीचं बिल एकशे अकरा.
कॅलेंडरच्या पाठीवरचं 'शंभर' खोडलं,
कागदात त्याचा वळ राहिलाय,
उजेडाकडे धरला की वाचता येतो.

आज आप्पांच्या मागोमाग आत गेले.
आरसा पांढरा, काठोकाठ वाफ,
आणि खालच्या कोपऱ्यात, थरथरत्या बोटानं,
मला दिसेल अशा बेतानं लिहिलेलं :
पाऊण.