पाणवठ्यावरची गणती

चांदोलीत, बुद्धपौर्णिमेला,
मचाणावर आम्ही तिघं.
इस्लामपूरचे डॉक्टर शिकलगार
कुजबुजत केनिया सांगत होते:
तंबूच्या दोरीला अडखळलेला पाणघोडा,
जीपच्या सावलीत घोरणारी सिंहीण.
बयाजी म्हणाला, "दम धरा."

दोन वाजेतो तक्त्यात
एक भेकर,
एक साळिंदर, तेही नुसत्या आवाजावरून.
डॉक्टरांची शिंक धरली नाही.

मग गवे आले. सात.
गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे,
पाणी ओढल्याचा लांब आवाज.
एक मात्र पाण्याकडे वळलाच नाही,
वरच्या सपाटीवर उभा राहिला.

"खळं आमचं," बयाजी पुटपुटला.
"तिवडा हुता, बराब्बर तितंच."

मी लिहिलं: गवा, सात.
'शेरा'च्या रकान्यात काय टाकू, विचारलं.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"लिवा, पाणी अजून हाय."